ओव्हर म्हणायचं राहिलं

बाई,

उद्या सकाळी अकोल्यात, तुमच्याच शाळेत, सातवीची मुलं नाटकात पेशी होणार आहेत आणि मला भीती वाटते आहे. स्टेजची नाही, ती तुम्ही तेव्हाच काढून टाकली होती. भीती एका मुलीची आहे. बारा वर्षांची, हडकुळी, दोन वेण्यांची. तिच्या आईच्या गेले चार महिने कॅन्सरच्या दवाखान्यात खेपा चालू आहेत, आणि उद्या ही मुलगी न थांबणारी पेशी होणार आहे. तीस वर्षांपूर्वी ती पेशी मी होते.

तुम्हाला आठवतं का, असं आता कुणाला विचारणार, म्हणून मीच सांगते. रविवार आहे. तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी मुली पाटांवर बसलोय. तुम्ही पातोडीच्या रश्श्यासाठी कांदा चिरताय आणि मध्येच त्याचा पातळ पापुद्रा सोलून काचेवर ठेवताय. शाळेचा मायक्रोस्कोप तुम्ही हेडमास्तरांना न विचारता पिशवीत घालून घरी आणलाय. मी डोळा लावते तर विटा रचल्यासारख्या खोल्याच खोल्या. "एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार," तुम्ही पदरानं डोळे पुसत म्हणता. "पण कुठं थांबाचं, ते तिले समजते." मी विचारलं, नाही समजलं तर? तुम्ही कांदा फोडणीत टाकला. मला वाटलं, फोडणीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही गॅदरिंगचं नाटक बसवायला घेतलं. आमचा गल्लीतला स्टॅच्यूचा खेळच तुम्ही उचललात. एकीनं दुसरीचा हात धरून तिला आणायचं, तिनं तिसरीला, असं स्टेज भरत जायचं. तुम्ही 'स्टॅच्यू' म्हटलं की सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचं, 'ओव्हर' म्हटलं की पुन्हा हलायचं. एक पेशी मात्र ऐकत नाही, मुली ओढून आणतच राहते, बाकीच्यांना उभं राहायला जागा उरत नाही. ते काम मला मिळालं, कारण मला स्टॅच्यू कधी जमलाच नाही, फिसकन हसू यायचं. तालमीत एकदा दम लागून थांबले तर केवढ्या तडकलात. "थांबली काहून? तुले कोनं सांगतलं थांबाले? तिले स्टॅच्यू ऐकूच येत नाही, ध्यानात ठेव." गॅदरिंगला टाळ्या पडल्या. तुम्ही विंगेत डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून उभ्या होतात. थंडीचे दिवस होते, कुणी काही विचारलं नाही.

मग तुम्ही शाळेत येईनाशा झालात. मोठ्यांची कुजबुज कानावर पडली. तुमच्या अंगात तीच पेशी होती, आणि नाटक बसवताना तुम्हाला ते ठाऊक होतं. बारा वर्षांच्या डोक्याला यातून एवढंच कळलं की मी स्टेजवर जे केलं तेच तुमच्या आत चाललं आहे, आणि ते थांबवायचं तर मलाच थांबवावं लागेल. शाळा सुटल्यावर तुमच्या घरी आले. तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, "झोपल्या हायेत, बाहेरूनच पाहून जा माय." मी उंबऱ्याशी उभी राहिले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. मी हळूच 'स्टॅच्यू' म्हटलं आणि पळाले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

चाळिशी ओलांडून मी आता अमरावतीला विद्यापीठात याच खेळावर संशोधन करते आहे. मुलांचे खेळ, नाटक आणि पेशीविज्ञान, तिन्हींचं कडबोळं; उद्याचं नाटकही त्यासाठीच बसवलंय. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, 'लहानपणी अशाच एका खेळातून मला पेशी समजली आणि आजाराची भीती गेली.' माझ्या गाईडना हे वाक्य फार आवडतं, सगळा प्रबंध त्याच्यावरच उभा आहे. आणि ते धादांत खोटं आहे. मी रोज आंघोळीच्या वेळी स्वतःला चाचपून बघते. नसलेली गाठ शोधते. आजवर एकही दिवस चुकला नाही.

आज तालमीआधी चिठ्ठ्या टाकल्या तर न थांबणाऱ्या पेशीची चिठ्ठी नेमकी त्या मुलीला आली. म्हटलं, पुन्हा टाकू. ती चिठ्ठी मुठीत धरून बसली. "नाही मॅडम, मलेच करू द्या. मले पाहाचं हाय, ते थांबत काहून नाही." मी गाईडना फोन लावला. ते म्हणाले, "तिला काढू नका हं, तोच तर तुमचा पुरावा आहे." ती पुरावा नाही, पोर आहे, असं म्हणायला हवं होतं. मी "हो सर" म्हणाले.

तालमीत ती धावली, अगदी जीव खाऊन. मी 'स्टॅच्यू' म्हटलं, सगळे थिजले, ती धावतच राहिली. मग माझ्याजवळ येऊन धापा टाकत म्हणाली, "दम लागला मॅडम. तिले नाही लागत का?" बाकीची मुलं तशीच उभी, कुणी एका पायावर, कुणी हात वर करून. 'ओव्हर' एवढंच म्हणायचं होतं, ते मी म्हटलं नाही. एका मुलाचा पाय लटपटायला लागला. शेवटी तीच वळून ओरडली, "ओव्हर!" सगळी पोरं हसत खाली बसली. "मॅडम इसरल्या," तिनं त्यांना माझ्या वतीनं सांगून टाकलं.

पहिल्या पानावरचं वाक्य मी आत्ताच खोडलं. प्रबंधाचं काय व्हायचं ते होवो. उद्या नाटकाआधी तिला बाजूला घेऊन सांगणार आहे की तुझ्या खेळण्यानं आईचं काही बिघडत नाही, आणि काही सुधारतही नाही. हे मला तुम्ही सांगायला हवं होतं, बाई. त्याचा मला राग आहे, इतकी वर्षं आहे. सांगताना आवाज कापला तर मलाच ते पटलेलं नाही हे तिला लगेच कळेल, याचीही धास्ती आहे.

हे कागद प्रबंधाच्या फाइलमध्येच राहतील, दुसरीकडे कुठे धाडणार. तेवढं एक मात्र खरं सांगते. मी आज विसरले नव्हते. त्या दिवशी तुमच्या उंबऱ्याशीही विसरले नव्हते. ओव्हर म्हटलं तर तुमच्याबरोबर ती पेशीही पुन्हा हलायला लागेल, म्हणून मी मुद्दाम म्हटलं नाही.