पुढचा खांदा

रत्नागिरी,
फाल्गुन, शके १८५८

प्रिय महिपतदादा,

काल बाबांनी सांगितलेलं पत्र मी लिहून टाकलं, ते तुला याच बोटीने मिळेल. त्यात एका शब्दाचाही फेरफार केलेला नाही. बाबांनी मला घरी बसवून अक्षरं शिकवली ती त्यांची पत्रं लिहिण्यासाठीच. त्यांच्या तोंडचं वाक्य बदलायला माझा हात धजत नाही. म्हणून हे दुसरं पत्र, माझं.

तुझं गेलं पत्र मी ओटीवर मोठ्याने वाचलं. गिरणीच्या संघाने फुटबॉलचा सामना जिंकला, गोल करणाऱ्याचं नाव पेपरात आलं, तुझं नाहीच. मला इतका राग आला! तू म्हणतोस, हाफने मधे राहून समोरच्यांचा चेंडू अडवायचा आणि आपल्या माणसाला द्यायचा, एवढंच. म्हणजे सगळा वेळ धावायचं तू आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात? बाबा म्हणाले, "तिथेही दुसऱ्याचंच शेत राखतोय म्हणायचा." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तुला खेळ शिकवणाऱ्या स्पॅनिश पाद्र्याची, फादर सालबिदेंची हकीकतही त्यातच होती. तेही हाफच. डोंगरातल्या गावातून बिल्बाओच्या मोठ्या संघात गेले. गोल एकही नाही, पण त्यांना चुकवून सहसा कोणी पुढे जात नसे. मग दुखऱ्या गुडघ्यानिशी गावच्या संताच्या जत्रेला गेले, वडिलांच्या शब्दाखातर लाकडी मूर्ती खांद्यावर घेऊन दगडी पायऱ्या उतरले, आणि गुडघा कायमचा गेला. संघाने दुसरा हाफ घेतला. पुढे ते पाद्री होऊन मुंबईला आले. आता त्यांच्या देशात लढाई पेटली आहे, घरचं पत्रही येत नाही. हे सगळं लिहून तू खाली गंमत केलीस, "बघ राही, त्यांच्यातही पालखी असते!" आणि पुढच्याच ओळीत, उजवा गुडघा सुजलाय, फडकं बांधून खेळतोस. दादा, या दोन ओळी लागोपाठ लिहिताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

मी ती गुडघ्याची ओळ बाबांना पुन्हा वाचून दाखवली. म्हणाले, "शिमग्याला येऊ दे. देवीची पालखी खांद्यावर घेतली की दुखणं पळतं." मी म्हटलं, पालखी नुसती न्यायची नसते, नाचवायची असते, गुडघ्यात वाकून. तर म्हणाले, "तुला काय कळतंय!" खळ्यात रावजीकाका बसले होते. पुढच्या खांद्याचा आपल्या घरचा मान त्यांना कधीचा हवाय. "आत्मारामाचा पोरगा बॉलाला लाथा मारतो, देवीला खांदा काय देनार!" झालं. बाबांनी त्याच पावली जाऊन गावकऱ्यांना तुझ्या नावाने शब्द दिला.

गिरणीने तुला खात्यात कामाला घेतलं ते खेळासाठी. खेळ गेला तर काम गेलं, हे तूच सांगितलं होतंस. मी तसं म्हटलं की आई ओरडते, देवीच्या कामात अशुभ बोलू नये. मी चिडते, मग देवीसमोर हात जोडते, मग पुन्हा चिडते.

वर्षभर तुझी वाट पाहिली, तरी लिहिते: या शिमग्याला येऊ नकोस. बाबांचं 'पालखीला ये'चं पत्र वाचून तू लगेच निघशील, म्हणून हे लिहायला बसले. मान रावजीकाकांकडे गेला तर जाऊ दे. बोट सुटली की हे पत्र धाडल्याचं मी बाबांना सांगणार आहे. लपवणं मला जमायचं नाही. ते रागावतील, कदाचित यापुढची पत्रं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतील. घेऊ देत. तू येऊ नकोस.

तुझीच, रागावलेली,
राही