आई गाते तेव्हा मी बाहेर थांबतो

बाबा, आईचं विसरणं आता नुसतं विसरणं राहिलेलं नाही. आधी चष्मा, किल्ली, गॅसवरचं दूध असं चाललं होतं, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. मग एकदा ती आर्णीच्या बसस्टँडवर सापडली. पायात चप्पल नाही, आणि रिक्षावाल्याला सांगत होती, केळापूरला माहेरी जायचं आहे, माय वाट पाहून राह्यली. तिची माय तर तुमच्याही आधी गेली. आता ती तुमच्या सुनेला कधी बहीण समजते, कधी कामाची बाई. आंघोळ घालताना चावते, आणि मग आपल्याच दातांच्या खुणा पाहून कळवळून विचारते, "कोनं केलं वं हे तुले?" तुमची सून म्हणते, "पडली मी, माय."

यवतमाळच्या दवाखान्यात अशा लोकांसाठी संगीताचा उपचार करणारी एक मुलगी येते. डॉक्टरांनी आम्हाला तिच्याकडे पाठवलं. तिनं आधीच सांगून टाकलं, "काका, गाण्यानं आजार बरा होणार नाही. पण दिवसातला थोडा वेळ बरा जाईल. त्यांच्या तरुणपणची गाणी लावा, आवाज बारीक ठेवा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहा." परतीच्या बसमध्ये आईचा हात धरून बसलो होतो, पण मनात तुमच्याच कॅसेट फिरत होत्या. जयंतीच्या कार्यक्रमांच्या, तुमच्या गायन पार्टीच्या. माळ्यावरचा खोका काढला आणि मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं त्यातल्या दोन कॅसेट माझ्या फोनमध्ये भरून दिल्या. तुमचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकला आणि मी तिथेच, दुकानाच्या बाकावर बसून राहिलो. बाबा, तुमचा खोकलासुद्धा आहे त्यात. गाणं सुरू करायच्या आधीचा.

मला वाटलं होतं, आई ऐकेल आणि तिचे डोळे भरून येतील. ती जेवत होती. तुम्ही पहिली ओळ म्हणालात आणि तिचा घास हातातच राहिला. मान खाली गेली. दुसऱ्या कडव्याला तिनं ताट ढकललं. वरण सगळं फरशीवर. "बंद कर थे," ती ओरडली, "बंद कर म्हणलं ना!" मी बंद केलं, पण हट्ट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी आवाज कमी करून लावलं, मग दुसरं गाणं लावलं, मग ती अंगणात उन्हाला बसलेली असताना लावलं. दर वेळी तेच. पुढच्या खेपेला त्या मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "काका, ती गाणी त्यांना ऐकायचीत की तुम्हाला?"

त्यानंतर मी कॅसेटचा नाद सोडला. एका दुपारी लाईट गेली होती. मी पुढच्या खोलीत, माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात, घाम पुसत बसलेलो. तुमची सून आत तूर निवडत होती. ती हळूच दारात आली आणि म्हणाली, "इकडे या बरं. आवाज नका करू." आई भिंतीला टेकून बसली होती आणि गात होती. आपली आई, बाबा. "शाळंच्या वाटेवर चिखल गं बाई, पाटी माझी वली झाली नाई." मी कधी न ऐकलेलं गाणं. सकाळी जेवली की नाही हे न आठवणारी बाई कडव्यामागून कडवं म्हणत होती. सूर सरळ, मोकळा. तुमच्यासोबत वाढलेला माझा कान आहे, मला कळतं. मला राहवलं नाही, मी आत पाऊल टाकलं. तिनं वर पाहिलं आणि ओळ मधेच तोडली. घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला. "आले तुमी?" ती म्हणाली. "मी गाऊन नाही राह्यली. खरंच नाही."

वय झालं तसा माझा चेहरा तुमच्यावर गेला आहे, हे मला लोक सांगायचे. मला ते आवडायचं.

मग मला स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवली. मी दाराशी गृहपाठ करतो आहे, आई भाकरी थापताना काहीतरी गुणगुणते आहे, तुम्ही बाहेर पेटी पुसता आहात. मागच्या रात्री ती तुमच्या पार्टीत कोरसमध्ये उभी राहिली होती, आणि कुणीतरी तिच्या आवाजाचं फार कौतुक केलं होतं. तुम्ही बाहेरूनच म्हणालात, "घरात एक गाणारा पुरे आहे." चिडून नाही, अगदी साध्या आवाजात. भाकरी थापायचा आवाज तेवढा चालू राहिला. मला वाटलं, तुम्ही गंमत केली. तुम्ही वाईट माणूस नव्हता. गावोगाव पेटी घेऊन फिरलात, बायांनी शिकावं, बोलावं म्हणून घसा बसेपर्यंत गायलात, मला खांद्यावर बसवून नेलंत. म्हणूनच मला कळत नाही.

त्या दुपारी तिनं मला विचारलं, म्हणजे तुम्हाला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, नव्या नवरीसारखं. "मले काहून गाऊ नाही देलं?" तुमची सून माझ्याकडे पाहत होती. मी आईपुढे खाली बसलो आणि म्हणालो, "चुकलं माझं." ती बराच वेळ माझं तोंड न्याहाळत राहिली. "मंग गाऊ?" "गा." तिनं तोंड उघडलं. "शाळंच्या…" म्हणाली. पुन्हा म्हणाली, "शाळंच्या…" पुढचं आलंच नाही. ओठ हलत राहिले. मग तिनं विचारलं, "चहा झाला का?"

आता ती बहुतेक दुपारी गाते, पण मी नसलो तर. तुमच्या सुनेनं गाणं पाठ केलं आहे, ज्या दिवशी दोघी मिळून म्हणतात, त्या दिवशी आंघोळही मारामारी न होता होते. त्या मुलीला सांगितलं तर ती खूश झाली. मी आत गेलो की पदर डोक्यावर आणि गाणं बंद. माफी मी कितीदा तरी मागितली. चहा येईपर्यंत ती टिकते. म्हणून मी दुकानात बसून तांब्याची तार गुंडाळतो आणि भिंतीपलीकडून जेवढं येईल तेवढं ऐकतो. माझ्या आईजवळ बसायला मला तुमची अडचण होते, बाबा. हे कुणाला सांगू?

परवा मी मिशी काढली. तुमच्यासारखीच होती. बायकोनं विचारलं तर म्हणालो, उकडतं. दुपारी आत गेलो. आईनं गाता गाता पाहिलं, थांबली, आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोन पायजे, भाऊ?" मी म्हणालो, "कोणी नाही, असाच आलो." तिनं बसायला खूण केली आणि गाणं पुढे चालू ठेवलं. मी ते शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या आईनं मला ओळखलं नाही, आणि मला रडू आलं नाही. बरं वाटलं.