गॅरेजच्या वायरिंगची तक्रार

टोइव्होला, ३० मार्च १९८७

आर्वोदादास,
लेंपीचा नमस्कार. वि. वि. आणि फोन करून वर मलाच विचारतोस, की गॅरेजात मी काही उलटसुलट केलं का? म्हणूनच काल रात्री फोन आपटला. पुन्हा केलास तर पुन्हा आपटीन. काय सांगायचं ते लिहून सांग, कागदावर मला ओरडता येत नाही.

वायरिंग कोणी केलं? तू. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दोन दिवस राहिलास, माझा वेलचीचा पाव सगळा फस्त केलास आणि भिंतीत आग ठेवून गेलास. मंगळवारी सकाळी मी रंध्याच्या मशीनवर फळ्या साफ करत होते. बाहेर बर्फ, म्हणून हीटरही चालू. रबर जळल्यासारखा वास यायला लागला. भिंतीची फळी उचकटली तर आतला खांब काळा ठिक्कर, वायर वितळून चिकटलेली. रेइनोने धावत जाऊन मेन पाडला नसता तर मशीन, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, तयार लाकडी बादल्या आणि नवरा, सगळंच गेलं असतं. रेइनो एक वेळ चालला असता, बादल्यांची ऑर्डर आहे.

काल चर्चनंतर कॉफीला मी सगळ्यांसमोर सांगितलं, की आर्वोच्या हातचं वायरिंग ज्यांच्या घरी असेल त्यांनी बादली भरून उशाशी ठेवावी. विजेच्या इन्स्पेक्टरलाही अर्ज केला. माझं अक्षर कसं आहे तुला ठाऊक आहे, सहावीतच तर शाळा सुटली. शेजारच्या इर्याने लिहून दिला, मी सही केली. आज पोस्टात टाकला.

वहिनीला नमस्कार, तिचा काही दोष नाही. लोभ सध्या नाही, पुढचं पुढे बघू.
लेंपी


कॅल्युमेट, १३ एप्रिल १९८७

चि. लेंपीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे रेइनोला दे, त्याने मेन वेळेवर पाडला. तुम्ही दोघं धड आहात हे आधी दोनदा वाचलं. मग तुझे टोमणे वाचले.

इथे अंगणात अजून गुडघाभर बर्फ आहे. वहिनीची पाठ बरी आहे. तुझा पाव मी एकट्याने संपवला नव्हता, रेइनोलाही विचार.

इन्स्पेक्टर तुझ्याकडे येऊन गेला हे त्याच्या पत्रावरून कळलं. तो लिहितो की वायर पंधरा अँपिअरची, बारीक, आणि तिच्यावर ब्रेकर तीसचा. कामावर नाव माझं. तीस एप्रिलपर्यंत खुलासा दिला नाही तर माझं लायसन्स जाईल. बासष्टाव्या वर्षी दुसरं काय शिकू, विणकाम? तुमच्या चर्चच्या नव्या स्वयंपाकघराचं कामही पाळकांनी तूर्त थांबवलंय. बिचारे अवघडून म्हणाले, की लोकांनी कॉफीला काय ऐकलं ते तुम्हाला माहीतच असेल.

लेंपी, मी तिथे पंधराचा घातला होता. वायर सोसेल त्यापेक्षा जास्त वीज कोणी ओढायला लागलं, की ब्रेकरने पडायचं. त्याचं काम तेवढंच. बारीक वायरीवर तीसचा बसवला तर तो पडतच नाही आणि वायर भिंतीत भाजत राहते. तुला रंधा आणि हीटर दोन्ही एका वेळी हवे असतील तर दोघांना वेगळ्या जाड वायरी, आपापले ब्रेकर, आणि काम झाकायच्या आधी तपासणी. एक दिवसाचं काम आहे.

मी खुलासा अजून लिहिलेला नाही. आधी तू बघ. टॉर्च घे आणि ब्रेकरच्या पेटीचं नुसतं दार उघड. आतलं पत्र्याचं झाकण काढू नकोस, मेन पाडला तरी वरच्या दोन जाड वायरींत वीज असतेच. दाराच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीने प्रत्येक ब्रेकरचा आकडा लिहून ठेवलाय. ते आकडे जुळतात का, एवढंच कळव.

ईस्टरला आमच्याकडे या म्हणणार होतो, पण यंदा राहू दे. लोभ आहेच, तुला नको असला तरी.
आर्वो


टोइव्होला, २० एप्रिल १९८७

दादास,
लेंपीचा नमस्कार. आज वि. वि. लिहायची लाज वाटते.

मी टॉर्च घेतली नाही. आकडे जुळत नाहीत हे मला न बघताच माहीत होतं. तीसचा मीच घातला.

नोव्हेंबरात. नाताळच्या ऐंशी बादल्या द्यायच्या होत्या. रंधा आणि हीटर एकदम लावले की तुझा पंधराचा खाडकन पडायचा. दिवसातून दहा वेळा. मला वाटलं, दादाने बहिणीच्या माथी तकलादू माल मारला. दुकानातून दुप्पट आकड्याचा घेऊन आले. मोठा आकडा म्हणजे दणकट, एवढीच माझी अक्कल. टॉर्च रेइनोने धरली होती. तो म्हणाला की दादाला विचार. मी म्हटलं, दादा आधी तासभर शिकवील आणि मग पंधरा दिवसांनी उगवेल, तू मुकाट टॉर्च धर. मेन पाडला, रबरी बूट घातले आणि पत्र्याचं झाकण काढून आत हात घातला. तू लिहिलेल्या त्या दोन जाड वायरी माझ्या बोटांपासून वीतभर लांब होत्या. त्यांत वीज होती हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. त्यानंतर चार महिने ब्रेकर एकदाही पडला नाही. मी रोज रेइनोला डिवचायची, की बघ, आता पडतो का?

आता खरी घाण ऐक. फोनवर तू विचारलंस तेव्हा मला हे सगळं आठवत होतं. कॉफीला बोलत होते तेव्हाही. इर्याने मला विचारलं होतं, की मधे कोणी हात लावला का. मी नाही म्हटलं. तिने ते अर्जात घातलं, वाचून दाखवलं, आणि मी सही केली. इन्स्पेक्टर आला तेव्हा मी त्याला कॉफी दिली आणि तोंड मिटून उभी राहिले. रेइनो तेव्हापासून माझ्याशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलतो.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी पेटीकडे गेले, ती खोडरबर घेऊन. तुझे आकडे पुसले की तू पंधराचा घातला होतास हे कोण सांगणार? दार उघडलं. आकड्याखाली तू एक ओळ लिहिली आहेस. चार वर्षांत मी ती कधी वाचली नव्हती. हा सारखा पडायला लागला तर लेंपीने मला बोलवावं. मी तिथेच पिंपावर बसले. आकडे तसेच ठेवले, खोडरबर खिशात घातलं.

इन्स्पेक्टरला माझ्या हाताने लिहिलं. सात ओळी, त्याला दोन दिवस लागले. पत्र दारातल्या टपालाच्या डब्यात ठेवून, पोस्टमनने न्यावं म्हणून लाल झेंडा वर केला आणि तो यायच्या आधी जाऊन काढून आणलं. दोनदा असंच केलं. शेवटी आज रेइनोला गाडी काढायला लावली आणि होटनच्या ऑफिसात इन्स्पेक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्याने वाचलं, आणि भावाला कळवलं का एवढंच विचारलं. मी म्हटलं, आज कळवते. तुझं लायसन्स जात नाही, तो तुला लिहितो आहे. गॅरेजची वीज त्याने तोडायला सांगितली. तोडली.

पण कॉफीला बोलले ते कागदाने परत येत नाही. येत्या रविवारी, सव्वीसला, त्याच टेबलाशी उभी राहून सगळं सांगणार आहे. इर्यासमोर, पाळकांसमोर. तू तिथे हवास. तू नसलास तर लोक म्हणतील, भावाचं काम गेलं म्हणून बहीण सारवासारव करते आहे. तू समोर असलास, तुझ्या तोंडावर मी बोलले, तर विश्वास ठेवतील. माझ्याजवळ बसू नकोस. माझ्याशी बोलू नकोस. पण ये.

माफ कर असं लिहिलेलं मी खोडलं. ते मागायला अजून तोंड नाही, लोभ मागायलाही नाही. फक्त येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत, चोवीस तारखेपर्यंत कळव. नाही तर नाही लिही, पण लिही. आता फोन केलास तरी चालेल, मी आपटणार नाही.

तुझी बहीण
लेंपी