एक ते चार बेल वाजवू नये

३ डिसेंबर
कर्वेनगरात भाड्याने राहायला आलो. अखेर शांतता! मुलाच्या हडपसरच्या घरी नातू दिवसभर ठणाणा करायचा. इथे दुसऱ्या मजल्यावर प्रत्येक दारावर एकच पाटी: 'एक ते चार बेल वाजवू नये'. सुसंस्कृत माणसं! सामान लावायच्या आधी मीही तीच पाटी लावली.

५ डिसेंबर
डॉक्टर सुरुचीबाईंनी माझ्या सीओपीडीसाठी, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट धापेसाठी, रंगीत कागद दिला. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे तोंडाने ओढायचा पंप वाढवा, लाल म्हणजे पंप घेऊन लगेच अँब्युलन्स. एक किल्ली शेजारी ठेवा, असंही बजावलं. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला बालवाडीचा तक्ता! आणि किल्ली कोणाला, समोरच्या हेमाबाईंना? माझ्या डब्यातले शेंगदाणेसुद्धा मोजतील त्या.

८ डिसेंबर
बरोबर दोनला बेल वाजली. उघडलं नाही. पाटी वाचता येत नसेल तर पुन्हा शाळेत जावं.

१० डिसेंबर
रोज दोनला बेल. संध्याकाळी हेमाबाईंना विचारलं, तर चेहराच उतरला. माझ्या फ्लॅटमध्ये आधी आनंदीबाई राहायच्या. हाच आजार. गेल्या डिसेंबरात दुपारी दोनला धाप लागली, तेव्हा त्यांनी मजल्यावरच्या सगळ्या बेल वाजवल्या. चारला दारं उघडली, तर त्या जिन्यात पडलेल्या. गार.
मी म्हटलं, बाईंनी पाटी वाचायला हवी होती.

११ डिसेंबर
बेलची वायर कापली. आज पिवळा. कफ घट्ट. थंडीचा परिणाम, दुसरं काय.

१२ डिसेंबर
दोनला बेल वाजली. तुटकी वायर माझ्या हातात होती.
दाराला कान लावला. छातीतली शिट्टी ऐकू आली. माझीच असणार, म्हणून श्वास रोखून धरला.
शिट्टी थांबली नाही.

१४ डिसेंबर, दुपारी दीड
लाल. पंप घेतला — उपयोग नाही. अँब्युलन्सला फोन केला. भिंतीला टेकून बसलोय. उठवत नाही.

आले. दार ठोकतायत. लॅचपर्यंत हात पोचत नाही — किल्ली आहे का कोणाकडे, विचारतायत. हेमाबाई आतूनच ओरडल्या, "अहो, चारनंतर या!"

किल्ली दिली असती तर — गाढव. मीच.

दोन वाजले. बेल —
शिट्टी आता दाराबाहेर नाही. माझ्या मागे — भिंत आहे ना मागे —

गार हात. कानाशी सांगतेय, चारपर्यंत कोणी —