ताई असतात तेव्हा कॉर्टिसॉल उतरतं

१८ नोव्हें., सोम.
प्रकाशला भरती केलं. उद्या मोठ्या आतड्यातली गाठ काढणार. कॅन्सर नाही, हे मी तीनदा विचारून घेतलं. छोटे डॉक्टर प्रबंधासाठी रक्त मागत होते. ऑपरेशनचा शरीरावर किती ताण येतो ते रक्तातून मोजायचं. सकाळ-संध्याकाळ कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, आणि सीआरपी, म्हणजे आतल्या सुजेचं माप. सही करण्याआधी प्र.ने बायकोकडे नाही, बहिणीकडे, ताईंकडे पाहिलं. “दे ना बाबू, थेंबभर रक्तानं का होते?” ताई ऐन धानाच्या हंगामात तुमसरची मिल सोडून आल्यात. कौतुक वाटायला हवं. वाटतंही. पण...

१९, मंगळ.
नीट पार पडलं. शुद्धीवर येताना प्र. “ताई” म्हणाला. भुलीत माणूस काहीही बोलतो. तरी इथे लिहून ठेवते आहे.

२०, बुध.
सकाळी मी, मग कॉलेजात शिकवायला, संध्याकाळी ताई. डॉक्टरांना आकडे विचारले. कॉर्टिसॉल सकाळी खूप वर, संध्याकाळी बरंच खाली. सीआरपी मात्र चढतोच आहे. या दिवसांत चढतोच म्हणे. निदान तो तरी माणूस बघून वागत नाही.

२१, गुरु.
पुन्हा तेच. मी असताना वर, ताई असताना खाली. मी उशाशी बसून घाबरे प्रश्न विचारते, त्याचं हे होतं का? ताई काहीच विचारत नाहीत, गावातल्या भांडणांच्या गोष्टी सांगतात. आकडा कळल्यावर खूश. “माह्या हाताचा गुण आहे, सुनीता. लहानपणी याचं पोट दुखे तं मीच ओवा चावून देत होती.”
अठरा वर्षांच्या संसारात मी ओवा चावून दिलेला नाही.

२२, शुक्र.
शेवटी डॉक्टरांना विचारलंच: जवळ कोण बसतं त्याने फरक पडतो का? हसले. “मॅडम, कॉर्टिसॉल सकाळी वर असतं आणि संध्याकाळी उतरतं. तुमचं, माझं, सगळ्यांचं.”
म्हणजे सगळा घड्याळाचा खेळ. इथे थांबायला हवं होतं. ताईंना हे सांगितलं नाही. म्हटलं, “ताई, उद्यापासून तुम्ही सकाळी बसा, संध्याकाळी मी.” पुरावा खोटा आहे हे कळल्यावर तो आपल्या बाजूला ओढला. याला काय म्हणावं?

२३, शनि.
तीन दिवस सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते. सिस्टर, डॉक्टर, झाडूवाल्या मावशीसुद्धा: “गॅस पास झाला का?” तोवर तोंडाने पाण्याचा घोटही नाही. मी तर रोज दहादा विचारायचे. प्र. भिंतीकडे बघायचा.
आज सकाळी झाला. ताईंच्या वेळेत. मला स्टाफरूममध्ये ताईंचा फोन, “सुटला गं बाई वारा! बाबूनं मले हळूच सांगतलं.” तोवर तुमसरला भाऊजींना, मिलच्या दिवाणजींनाही कळलं होतं. बाजूच्या मॅडमनी विचारलं, काय झालं? काय सांगणार?
संध्याकाळी त्याला विचारलं, “मला का नाही सांगितलं?”
“तुले कसं सांगू? लाज वाटते.”
माझ्यासमोर लाज वाटते, हे जवळचं की लांबचं? ठरत नाही. संध्याकाळचं कॉर्टिसॉल खाली होतं. तरी आनंद झाला. मग स्वतःचाच राग.

२४, रवि.
सीआरपीही उतरायला लागला. ताईंना कॉर्टिसॉलचं खरं सांगितलं. त्यांनी प्र.चं पांघरूण नीट केलं. मग, “असू दे. तुह्या वेळेतही उतरलं ना? चांगलंच झालं.” बाई मोठी आहे. त्याचाही त्रास होतो.

२५, सोम.
सुट्टी मिळाली. ताईंनी तुमसरला खोली तयार ठेवली होती. माझ्यासमोरच विचारलं, “बोल बाबू, कोठी जातं, तुमसरले का घरी?” प्र. म्हणाला, “डॉक्टर म्हणतीन तसं.” डॉक्टर म्हणाले, टाके निघेपर्यंत दवाखान्याजवळ राहा. म्हणजे जवाहरनगर, आमचं घर. माझं क्वार्टर जिंकलं, मी नाही. ताईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि एसटीला गेल्या.
ऑटोत प्र. पोटाशी उशी धरून बसला होता. विचारलं, “खरं सांगा, तुम्हाला कुठे जायचं होतं?”
“हसवू नको, टाके दुखतात.”
मी हसवत नव्हते.