उजव्या हाताचं अपील

मुरबाड, २२ एप्रिल १९४६

चि. देवजीस कान्हादादाचे अ. आ.

तुझ्या अपिलाची तारीख लागली, १७ मे, पुण्याला. ठाण्याच्या पेन्शन कचेरीतल्या कारकुनाचं शिक्क्याचं कार्ड आजच आलं, तेव्हा बातमी पक्की. डॉक्टर हात तपासतील. अपंगपणाचा टक्का वाढला तर पेन्शन वाढेल आणि तुझ्या भागीला दर साल वीटभट्टीवर जावं लागणार नाही. 'लढाईतल्या जखमेपासून उजवा हात मेलेला आहे' असं मी अर्जात स्वच्छ लिहिलंय. म्हसाच्या जत्रेत बैलाने त्या हातावर खूर ठेवला तरी तू हसत उभा होतास, ओरडलो मी, तेही लिहिलंय. तुझ्या राहीवहिनीने तुला कोट धुऊन ठेवायला सांगितलाय.

घरच्यांना माझी आठवण सांगावी.

कान्हा

डोळखांब, २९ एप्रिल

ती. दादांस सा. न. वि. वि.

डाव्या हाताचं अक्षर आहे, लावून घ्या.

काल भाताच्या रोपांसाठी राब भाजला. पालापाचोळा जळल्यावर राख निवली का ते बघायचं काम गेल्या सालापासून माझ्या उजव्या हाताचं. भागी चेष्टेने म्हणते, घाल, तुझं काय जातंय. काल घातला आणि ओढून घेतला. दादा, पोळलं. खरं वाटेना म्हणून पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा पोळलं. दोन वर्षांत त्या हाताने मला काही कळवलं नव्हतं.

भागी तोंडाला पदर लावून रडली. म्हातारी धोंडीबाई पाड्यावरून चालत आली आणि औषध लावायच्या आधी फोडाला हात जोडले. सांजेला दोन बोटं थोडी मिटली. मी ती मोडतील म्हणून उघडायला घाबरलो.

अपील मागं घ्यायचं आहे. तसा कागद तुम्ही लिहा.

लेकरावर लोभ ठेवा.

देवजी

मुरबाड, ४ मे

चि. देवजीस अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. वर्गात गेलो तर मुलांपुढे माझाच हात उलटासुलटा करून बघत बसलो. अशी गोष्ट माझ्या घरात घडेल असं वाटलं नव्हतं.

तरी थोरला म्हणून लिहितो. एका फोडाने हात परत आला असं होत नाही. बोललास तर आहे ती पेन्शनही उतरायची. पुण्याला डॉक्टरांच्या मंडळापुढे गप्प राहा, ते काय ते बघतील. भट्टीवर जायचं भागीला आहे, तिला विचार.

जिवाला जप.

कान्हा

डोळखांब, ९ मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

विचारलं. तांदूळ पाखडत होती, सूप थांबलं नाही. म्हणाली, "हात घरी आलाय ना? मग त्याला मेला म्हनून सांगाया पुन्याला जायाचं नाय." भट्टीवर जावंच लागलं तर दोघं जाऊ. माझे दोन्ही हात चालायला लागले तर आमचे चार हात होतील, आतापर्यंत तीनच होते.

सोमवारी मुरबाडला येतो. माझी डावी सही पलटणीतल्या सहीशी जुळेना म्हणून अपिलावर तुम्ही माझा अंगठा उठवलात. अपील मागं घ्यायच्या या कागदावर अंगठा नको. टाक दोन बोटांत धरतो, पडतो, पुन्हा धरतो. काल माझ्या नावातला 'दे' झाला. सोमवारपर्यंत बाकीचं होईल.

वहिनींना नमस्कार, माया आहे तशी राहू द्या, आणि दौत भरून ठेवा.

देवजी