दुसरा पंखा

४ मे
दुकान दहाला उघडलं. गिऱ्हाईक नाही. दुपारी बंद केलं. ऊन फार.
संध्याकाळी चांदनीचा सुरतहून फोन. सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहे. तिची आई नाही म्हणून रीत मोडणार नाही, असं व्याह्यांना सांगून ठेवलं आहे. नंदुरबार स्टेशनवरून शहाद्याला मी स्वतः आणणार. तिने विचारलं, गाडीचा एसी चालतो ना. म्हटलं, पूर्ण गाडी तपासून घेतो, पण एसीचं तुला माहीत आहे. तिची आई गेली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिच्या नावाने काहीतरी सोडलं. मी जैन स्थानकात महाराजांसमोर वर्षभर एसी सोडला. घरात एसी नाही. गाडीत आहे. म्हणून गाडीतला. ३ जूनला वर्ष होतं.
पलीकडून फोन कट झाला. रेंज गेली असावी.

५ मे
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. गाडीला दोन पंखे असतात. बारा वर्षं गाडी वापरतो, आज कळलं. बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं. तापल्यावर एक पंखा फिरला. शेजारचा ढिम्म. व्हिडिओत सांगितलं आहे की इंजिन चालू करा, एसी लावा, दोन्ही फिरले पाहिजेत. एसीची पायरी वगळून सगळं तसंच केलं. फिरला नाही. म्हणजे बिघाड. वेळेवर पकडला.
संकल्प: चांदनी येण्याआधी दुसरा पंखा फिरवायचा.

६ मे
फ्यूज काढून पाहिला. चांगला दिसतो. तरी बदलला. फरक नाही.
बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट साचलं होतं. पुसायला गाडीच्या कप्प्यात चांदनीच्या आईचा नॅपकिन सापडला. आजारपणात दर आठवड्याला नंदुरबारला दाखवायला न्यायचो, तेव्हा ती हा ओला करून तोंडावर धरायची. एसी लावा म्हणायची. आजाऱ्याला खिडकीची मोकळी हवा चांगली. शिवाय ॲव्हरेज पडतं. हे मी तिला नीट समजावून सांगायचो. ती समजूतदार होती.
टर्मिनल चकचकीत निघालं. नॅपकिन कामाला आला.

९ मे
गाडी अकील मिस्त्रीकडे नेली. त्याने हात लांबवून एसीचं बटण दाबायला घेतलं. मी अडवलं, नियम सांगितला. त्याने लगेच हात मागे घेतला. म्हणाला, "काका, तुमना नियम शे. मी कसा मोडसू?" भला माणूस. दुसऱ्याच्या धर्माची कदर आहे. रिले बदलला. पंखा ढिम्म. अकील बराच वेळ बॉनेटकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. विचार करत असावा.

११ मे
पतासी जीजी, माझी थोरली बहीण, डबा घेऊन आली. अंगणात वायरी पसरलेल्या बघून विचारलं, गाडी तापते का. नाही तापत. बंद पडते का. नाही. मग काय करतोस. सांगितलं, दुसरा पंखा. ती म्हणाली, मुलगी येतेय तर एसी लाव, महाराजांना विचार, तेही हो म्हणतील. मी म्हटलं, घेतलेला नियम सवलतीने पाळायचा नसतो. तर लहानपणच्या नावाने हाक मारून मला म्हणाली, "शांती, मी आंबा सोडला. तू जे कधी ताटात वाढूच दिलं नाहीस, ते सोडलंस."
आंब्याचे दिवस आहेत. जीव चिडचिडा होतो. डबा आत नेऊन ठेवला.

१५ मे
नवी मोटर. अकीलने जुनी काढून बॅटरीला थेट जोडून पाहिली तर ती फिरली. जुनी फिरते, मग नवी कशाला, असं त्यानेच विचारलं. मी म्हटलं, मुलीच्या बाबतीत कसर नको. नवी बसवली. तीही थेट जोडल्यावर फिरते, गाडीत फिरत नाही. कंपनीने वायरिंगमध्येच घोळ केला आहे. पत्र लिहिणार.

१८ मे
चांदनीला आणलं. म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत.
जावई अभिनंदन स्टेशनपर्यंत सोबत होते, त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. भर दुपारी निघालो. चारही काचा खाली. गरम वारा. मी पंख्याबद्दल सांगत होतो. प्रकाशा गावाच्या अलीकडे तिला गरगरायला लागलं. तोंड पुसायला डॅशबोर्डवरचा नॅपकिन उचलला. तो काळा-हिरवा. हातात धरून बघत राहिली. गाडी झाडाखाली उभी केली. मी पाण्याची बाटली शोधत होतो, तेवढ्यात तिने काचा वर घेतल्या आणि एसीचं बटण दाबलं.
बॉनेटमधून दुसरा आवाज आला. मी उतरून बॉनेट उघडलं. दुसरा पंखा फिरत होता. जोरात. नव्या मोटरचं काम. काचेवर टकटक करून तिला सांगितलं, फिरतोय. तिने काच थोडी खाली केली आणि म्हणाली, "पप्पा, हा नियम तुम्ही आई जिवंत असल्यापासून पाळताय."
उन्हात माणूस काहीही बोलतं. आत बसलो. तिचा चेहरा जरा बरा दिसला. नियमाचे थोडेच दिवस राहिले आहेत, शेवटी कशाला मोडायचा, म्हणून एसी बंद केला.
ती उतरली. झाडाखाली बसून जावयांना फोन केला. ते भाड्याची गाडी घेऊन आले. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि मागच्या सीटवर बसली. त्या गाडीच्या काचा बंद होत्या.
मी नियम मोडला नाही. बटण तिने दाबलं.

२० मे
व्याह्यांचा फोन. बाळंतपण सुरतलाच. डॉक्टर प्रवास नको म्हणतात, म्हणाले. चांदनीला फोन दिला नाही, ती झोपली होती. सकाळचे अकरा वाजले होते.
डॉक्टरांचं बरोबर आहे. माझा हट्ट नाही. गाडी मात्र आता एकदम ओके.

३ जून
वर्ष झालं. सकाळी स्थानकात जाऊन आलो. जीजीने आंबा कापून आणला, दोन फोडी खाल्ल्या आणि रडली. मी खाल्ला नाही, मला आंबा बाधतो.
दुपारी अंगणात गाडी चालू केली. काचा वर. एसी लावला. दोन्ही पंखे फिरले. आत गार झालं. इतकं गार होतं हे माहीत नव्हतं. शेजारची सीट रिकामी. उभ्या गाडीत पेट्रोल जळतं, म्हणून लगेच बंद केला.
नॅपकिन साबण लावून धुतला. हिरवा डाग गेला नाही. दोरीवर वाळत घातला.